पेठेचा ट्रस्ट काढा

जुन्या पेठेत ज्यांचं दुकान आहे, ज्यांचं घर आहे, जे तिथल्या एखाद्या गाळ्यात भाडेकरू आहेत, आणि ज्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांचा लग्नाचा बस्ता त्याच पेठेतून आला, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. पुण्याची रविवार पेठ असो, नाशिकचा भांडी बाजार, कोल्हापूरचा महाद्वार रोड किंवा सावंतवाडीची चितार आळी, प्रत्येक जुन्या गावाला अशी एक पेठ असते. तिच्यावर गाव वाढलं. आता गाव तिला सोडून बाहेरच्या रस्त्याकडे सरकलं आहे.

पेठ एका दिवसात ओस पडत नाही. मालकाला महिना शे-दोनशे रुपये भाडं मिळतं, म्हणून तो छपराकडे बघत नाही. भाडेकरू म्हणतो, वास्तू माझी नाही, मी पैसे का घालू? वरच्या माडीवरचं कुटुंब उपनगरात फ्लॅटमध्ये जातं आणि माडीचं गोदाम होतं. गोदामात माल ठासून भरलेला, वायरी चाळीस वर्षांपूर्वीच्या, आणि गल्ली इतकी अरुंद की आगीचा बंब आत येऊ शकत नाही. रात्री पेठेत राहणारं माणूसच उरत नाही. दुकानदाराची मुलगी किंवा मुलगा शिकून नोकरीला लागतो आणि गल्ल्यावर बसायला कोणी नसतं. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी लावायला जागा नाही, बाईमाणसाला स्वच्छतागृह नाही, त्यापेक्षा मॉल बरा.

यातल्या प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे. पण मालक मालकाच्या जागी, भाडेकरू भाडेकरूच्या जागी आणि नगरपालिका आपल्या कचेरीत, असं सगळे सुटे बसले आहेत तोवर या खऱ्या तक्रारींतून काहीही उभं राहणार नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे. आपल्या पेठेसाठी एक सार्वजनिक ट्रस्ट काढा. त्यात मालक, भाडेकरू, रहिवासी, कारागीर, हातगाडीवाले असे सगळे घ्या. तो आधी स्वतःच्या वर्गणीवर उभा करा, मग बाहेरच्या पैशाकडे बघा. आणि काम एका गल्लीपासून सुरू करा.

कोणी म्हणेल, आमच्याकडे व्यापारी संघ आहे की. व्यापारी संघ हवाच. पण तो दुकानदारांचा असतो. त्यात वाड्याचा मालक नसतो, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी नसतात, पदपथावर गजरे विकणारी बाई नसते. कर वाढला की संघ जागा होतो, बंद पुकारतो आणि मग शांत होतो. पेठ सावरायला दहा-पंधरा वर्षं रोज लक्ष घालणारी, मालमत्ता धरू शकणारी, हिशेब उघडा ठेवणारी संस्था लागते.

हे आधी झालेलं आहे

गावाच्या पैशातून गावासाठी कायमचा निधी उभा करायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने ती सुरू केली. श्रीमंत माणसं मृत्युपत्रात एखाद्या ठरावीक कामासाठी पैसे ठेवून जात. पुढे ते काम कालबाह्य झालं तरी पैसे तिथेच अडकून पडत. गॉफने असे निधी एका छत्राखाली आणले आणि त्यांचा विनियोग ठरवायला गावातल्या जाणत्या माणसांचं मंडळ नेमलं. देणगीदार लहान असो वा मोठा, पैसा गावाच्या आजच्या गरजेला लागला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. क्लीव्हलँड फाउंडेशन आजही काम करतं आणि त्या नमुन्यावर जगभर संस्था निघाल्या.

जुन्या बाजारपेठांचा प्रश्नही अमेरिकेतल्या छोट्या शहरांनी आपल्या आधी भोगला. गावाबाहेरून महामार्ग गेले, मॉल आले आणि मधला मुख्य रस्ता ओस पडला. १९७७ साली तिथल्या राष्ट्रीय वारसा संस्थेने इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज आणि इंडियानातलं मॅडिसन अशी तीन लहान गावं निवडून प्रयोग केला. त्यातून १९८० मध्ये 'मेन स्ट्रीट' हा देशव्यापी कार्यक्रम उभा राहिला. त्याची चार अंगं आहेत: लोकांची संघटना बांधणं, पेठेकडे गिऱ्हाईक आणणं, इमारती आणि रस्त्याचं रूप सुधारणं, आणि धंद्याचं गणित बसवणं. चारही कामं एकाच वेळी हातात घ्यायची असतात. नुसता रंग मारला आणि धंदा नाही वाढला, तर दोन वर्षांत रंग उडतो. नुसता महोत्सव केला आणि मोरी तुंबलेलीच राहिली, तर आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. या कामाला पगारी, पूर्णवेळ माणूस लागतो, हाही त्या प्रयोगातून निघालेला धडा.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईतलं. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, आणि जुन्या इमारतींबरोबर जुन्या परिसरांनाही संरक्षण मिळालं. पण नियम पाडकाम थांबवतो. दुरुस्तीला पैसे देत नाही. १९९८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागातल्या काळा घोडा परिसरासाठी काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून तिने दरवर्षी काळा घोडा कला महोत्सव भरवायला सुरुवात केली. कार्यक्रमांना प्रवेश मोफत. गर्दी होते म्हणून प्रायोजक येतात, आणि उरलेला पैसा परिसराच्या कामाला लागतो. फोर्टमधला १८८२ चा वाडिया घड्याळ मनोरा आणि १८९४ चं रतनसी मुळजी जेठा कारंजं यांचं जतन याच संस्थेच्या पुढाकाराने झालं. दोन्ही वास्तू गर्दीच्या रस्त्यावर, वर्षानुवर्षं धूळ खात उभ्या होत्या. पैसा, वास्तुविशारद, परवानगी या तिन्ही गोष्टी जुळवून आणणारं कोणीतरी लागत होतं, ते मिळालं.

त्याच फोर्टमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर आणखी एक काम झालं, आणि छोट्या पेठांना ते जास्त उपयोगी आहे. त्या रस्त्याच्या दुतर्फा कमानींखालून चालायची वाट आहे. दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी त्या कमानी झाकून टाकल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांचा आकार, जागा, अक्षरं यांची एक नियमावली तयार केली. दुकानदारांशी बोलून, त्यांना पटवून ती अमलात आली, आणि दुकानदारांनी स्वतःच्या खर्चाने पाट्या बदलल्या. वर्षानुवर्षं झाकलेल्या कमानी दिसू लागल्या. २००४ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली. कुठलीही इमारत न पाडता आणि कोणालाही न हलवता एका रस्त्याचा चेहरा बदलला.

पाडून बांधायची वेळ येते तेव्हा

पण प्रत्येक इमारत वाचवता येत नाही, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. मुंबईच्या भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकर जागेवर अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांहून जास्त कुटुंबं आणि साडेबाराशेच्या घरात दुकानं होती. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि सबंध वस्ती नव्याने बांधायचं काम त्याने अंगावर घेतलं. रहिवासी आणि दुकानदार यांना त्याच वस्तीत परत आणायचं, ही त्यातली मुख्य अट. काम अवघड आहे आणि वेळखाऊ आहे. ते चालू असतानाच, ३१ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच भागातली हुसैनी इमारत कोसळली आणि तेहतीस माणसं गेली.

या घटनेकडे प्रत्येक पेठेने बघावं. जुनं ते सगळं सुंदर, असं म्हणत बसलं तर माणसं मरतात. ज्या इमारतीचं लाकूड वाळवीने खाल्लं आहे, भिंत फुगली आहे, ती आधी रिकामी केली पाहिजे. पण त्या इमारतीतल्या माणसांनी जायचं कुठे आणि परत यायचं कसं, हे कागदावर ठरलेलं नसेल तर ती माणसं हलत नाहीत, आणि त्यांचं न हलणं समजण्यासारखं आहे. त्यांना विश्वास वाटेल अशी संस्था आधीपासून उभी असावी लागते. संकट आल्यावर ती उभी करता येत नाही.

काळा घोडा परिसरातल्या एस्प्लनेड मॅन्शनचं उदाहरण घ्या. पूर्वीचं हे वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाड्यावरची, एकोणिसाव्या शतकातली इमारत. भारतात पहिल्यांदा हलती चित्रं १८९६ साली इथेच दाखवली गेली. इतकं मोठं नाव असून, वारसा यादीत असून, तिची दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडली. शेवटी २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली. मालक आणि भाडेकरू एका टेबलाशी बसले नाहीत, तर कुठल्याही यादीतलं नाव इमारतीला वाचवत नाही.

कुठून सुरुवात करायची

आता प्रत्यक्ष कामाचं सांगतो.

पहिलं काम पेठेची नोंद. एक गल्ली घ्या. प्रत्येक दार, प्रत्येक गाळा वहीत उतरवा. दुकान कशाचं, किती वर्षांपासून, मालक कोण, भाडेकरू कोण, वर कोणी राहतं का, छप्पर गळतं का, वायरिंग केव्हाचं, आणि पुढे हे दुकान कोण चालवणार आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण त्याच्या उत्तरात पेठेची पुढची दहा वर्षं दिसतात. जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाला सांगा. विद्यार्थ्यांना मोजमापाच्या नकाशांचा अभ्यास असतोच, तो तुमच्या गल्लीत होऊ द्या. ही नोंद हातात असेल तर पालिकेपुढे, बँकेपुढे, देणगीदारापुढे बोलायला ठोस काहीतरी राहतं.

दुसरं, नोंदणी. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवता येतो. कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? कटकटीमागे कारण आहे. नोंदणीकृत ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे उद्या ट्रस्टने पेठेत एखादा गाळा घेतला, तर परवा चार विश्वस्तांच्या मनात आलं म्हणून तो बिल्डरला जाणार नाही. आयकर खात्याची नोंदणी आणि देणग्यांवरच्या करसवलतीची मंजुरी घेतली की देणगीदाराला करात सवलत मिळू शकते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा पैसाही येऊ शकतो, कारण कंपनी कायदा, २०१३ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचं जतन हे अशा खर्चाच्या मान्य कामांत आहे.

विश्वस्त मंडळात कोण असावं, यावर आधी वाद घाला आणि मग घटनेत लिहून ठेवा. माझं मत असं: मालक आणि भाडेकरू समसमान असावेत. निम्म्या नाही तरी एक तृतीयांश बायका असाव्यात, कारण पेठेतली खरेदी त्या करतात आणि पेठेची गैरसोयही त्यांनाच जास्त भोगावी लागते. एक कारागीर, एक फेरीवाला आणि एक तरी पस्तिशीच्या आतलं माणूस असावं. विश्वस्तांची मुदत ठरलेली असावी. अध्यक्षपद एकाच घराण्यात राहू देऊ नका.

तिसरं, पैसा. आधी वर्गणी. मराठी माणसाला वर्गणी गोळा करायला शिकवावं लागत नाही. पेठेपेठेतली गणपती मंडळं दरवर्षी दारोदार फिरून पैसे जमवतात, रात्ररात्र राबतात, शेकडो कार्यकर्ते शिस्तीत उभे करतात. पुण्यातल्या तुळशीबागेसारख्या व्यापाऱ्यांच्या पेठेचा गणपती मानाच्या पाचांत आहे. हीच माणसं, हीच पावतीपुस्तकं दहा दिवसांऐवजी बारा महिने चालू शकतात. दर दुकानाने महिन्याला एक ठरावीक रक्कम द्यावी, लहान दुकानाने लहान, मोठ्याने मोठी. माहेर पेठेत असलेल्या, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या माणसांनाही विचारा. जुन्या वाड्याची ओढ त्यांना असते, फक्त पैसे कुठे द्यायचे हे माहीत नसतं. आपण लोकांच्या पैशावर संस्था उभ्या केल्या आहेत. १८४८ मध्ये सुरू झालेलं पुण्याचं नगर वाचन मंदिर घ्या, १९०६ ची कॉसमॉस बँक घ्या. एकेका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं काम चार जणांनी एकत्र पैसे घालून केलं, हाच तो मार्ग.

हिशेब दर महिन्याला पेठेतल्या फळ्यावर लावा. किती जमले, कशावर गेले, किती उरले. पैशाबद्दल पहिली कुजबुज सुरू होण्याआधी हा फळा लागलेला असला पाहिजे.

चौथं, पगारी माणूस. सगळी कामं 'आपल्यातल्याच कोणीतरी' करायची ठरवली की सहा महिन्यांत ती एकट्या उत्साही माणसाच्या गळ्यात पडतात आणि तो थकतो. एक तरुण, शिकलेला, पेठेतल्या माणसांशी बोलू शकणारा मुलगा किंवा मुलगी नेमा. पालिकेत खेटे घालणं, परवानग्यांचा पाठपुरावा, बैठकीचं इतिवृत्त, देणगीदारांना पत्रं, हे त्याचं किंवा तिचं काम. हा पगार पेठेतला सगळ्यांत फायद्याचा खर्च ठरेल.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मोठं काही काढू नका. लोकांना दिसेल, वापरता येईल आणि वर्षात पुरं होईल असंच घ्या.

बायकांसाठी स्वच्छ, दिवा असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हे माझ्या मते पहिलं काम. सबंध दुपार खरेदीला घालवणाऱ्या बाईला याची किती गरज असते, हे तिला विचारा. एवढ्या एका सोयीने तिचा पेठेतला वेळ वाढतो आणि दुकानदाराचा धंदाही. दुसरं, वायरिंगची तपासणी. गल्लीतलं प्रत्येक मीटर, प्रत्येक गोदाम जाणकार वायरमनकडून तपासून घ्या, आणि आग विझवायचं नळकांडं दर चार दुकानांत एक तरी ठेवा. तिसरं, पाट्या. दादाभाई नौरोजी रस्त्यावर झालं ते तुमच्या गल्लीत दहा दुकानांपासून होऊ शकतं.

चौथं, पेठेची फेरी. अहमदाबादेत १९९७ साली महापालिकेने कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळची वारसा फेरी सुरू केली. पोळांमधून, म्हणजे जुन्या बंदिस्त गल्ल्यांमधून, चबुतऱ्यांजवळून, जुन्या हवेल्यांसमोरून माणसं चालू लागली. खर्च म्हणावा तर जवळजवळ नाही. लोक बाहेरून बघायला येतात म्हटल्यावर आतल्यांनाही आपल्या घराची किंमत कळते. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, अहमदाबाद जागतिक वारसा शहर झालं. तुमच्या पेठेतल्या कॉलेजच्या मुलांना शिकवा, रविवारी सकाळी फेरी काढा.

पाचवं, एक दिवस गाड्या बंद. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. दुकानदारांना आधी धास्ती असते की गाड्या नाहीत तर गिऱ्हाईक नाही. म्हणून कायमचा निर्णय घ्यायच्या आधी एक दिवस करून बघा, त्या दिवशीचा गल्ला मोजा आणि मग बोला.

दुरुस्ती, भाडं आणि माणसं

आता अवघड भाग. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे इमारत नीट ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने टाळाटाळ केली, तर नोटीस देऊन भाडेकरूंना स्वतः दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापुरताच. महिना शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाला तीनशे रुपये. तीनशे रुपयांत कौलं फेरता येत नाहीत. कायदा आहे, पण त्याने छप्पर दुरुस्त होणार नाही.

म्हणून ट्रस्टने मध्ये बसून तीन पायांचा करार करावा. भाडेकरूने भाडं थोडं वाढवून द्यावं. मालकाने त्याचा भाडेकरू म्हणून हक्क लेखी मान्य करून पुढच्या वर्षांची हमी द्यावी. ट्रस्टने दुरुस्तीचा काही भाग उचलावा. तिघांनाही काहीतरी सोडावं लागतं आणि तिघांनाही काहीतरी मिळतं. वकिलाकडून नमुना करार एकदाच करून घ्या. तो गल्लीतल्या प्रत्येक वाड्याला वापरता येईल. आणि दुरुस्ती करताना जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यायला जागा लागते. सिमेंटमुळे ओल आतच राहते आणि भिंत पोखरते. चुना मळणारे, सागवानी खांब जोडणारे कारागीर अजून मिळतात. त्यांना शोधा, त्यांच्या हाताखाली पोरं ठेवा.

पेठ सुधारली की भाडी वाढतात, आणि सुधारणा ज्यांच्यासाठी केली तीच माणसं बाहेर जातात. पुण्यात कसबा आणि मंडई ही मेट्रो स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. जुन्या पेठांत पोचणं सोपं झालं, ही आनंदाची गोष्ट. पण त्या जागेवर आता बाहेरच्या पैशाचीही नजर जाणार. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारा कारागीर चकचकीत कॉफीच्या दुकानाइतकं भाडं देऊ शकत नाही. तो गेला की आळीचं नाव तेवढं उरतं.

यावर एक उपाय अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने दाखवला. तिथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या वारसा संस्थेने १९६६ साली एका देणगीतून मिळालेल्या एक लाख डॉलरचा फिरता निधी उभा केला. जुन्या वस्तीतली पडझड झालेली घरं घ्यायची, दुरुस्त करायची, काही विकून पैसे परत निधीत आणायचे, आणि जुन्या रहिवाशांना वस्तीत राहता यावं याची काळजी घ्यायची. आपल्या पेठेच्या ट्रस्टने दहा वर्षांत पाच गाळे जरी स्वतःच्या मालकीचे केले, आणि ते कारागिरांना, महिलांच्या बचत गटांना, पेठेत धंदा करू पाहणाऱ्या तरुणांना परवडणाऱ्या भाड्याने दिले, तरी पेठेचा स्वभाव टिकेल. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत, म्हणून लोक तिथे मुद्दाम जातात. एकेक करून ती विखुरली तर कोणीच जाणार नाही.

आणि फेरीवाल्यांना हुसकून पेठ सुंदर करायची कल्पना सोडून द्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क दिला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधले असतात. कायदा बाजूला ठेवला तरी बाजाराचा अनुभव तेच सांगतो. लिंबं, गजरे, पिना, कंगवे घ्यायला थांबलेली बाई पुढे साडीच्या दुकानात शिरते. पदपथाची एक बाजू मोकळी ठेवायची, विक्रेत्यांना ठरलेल्या जागा द्यायच्या, पाणी आणि कचऱ्याची सोय करायची, हे त्यांच्याशी बसून ठरवा.

ज्या शंका येणारच

'हे सगळं पालिकेचं काम आहे, आम्ही कर भरतो.' बरोबर आहे. पाणी, गटार, दिवे, रस्ता हे पालिकेनेच करायचं आणि ट्रस्टने त्यासाठी तिच्या मागे लागायचं. पण दोन शेजाऱ्यांतला वाद पालिका मिटवू शकत नाही, एखादा बंद पडणारा धंदा पुढे चालू ठेवू शकत नाही, तुमच्या पाटीचा आकार प्रेमाने कमी करवू शकत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. शिवाय अधिकारी बदलतात, नगरसेवक बदलतात, ट्रस्ट राहतो.

'वारसा यादीत नाव गेलं की आमच्या घराला हातही लावता येणार नाही.' ही भीती फार पसरली आहे. यादीत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत निर्बंध कडक असतात, तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मुभा असते. आपलं घर कोणत्या श्रेणीत आहे आणि तिथे काय करता येतं, हे ट्रस्टने प्रत्येक घरमालकाला सोप्या मराठीत लिहून द्यावं. अर्धी भीती माहिती नसल्यामुळे असते.

'भांडणं होतील.' होतील. पाट्यांवरून होतील, वर्गणीवरून होतील, मिरवणुकीच्या वाटेवरून होतील. पण आजही भांडणं आहेतच. ती कोर्टात वीस वीस वर्षं चालतात आणि तोवर वाडा पडतो. बैठकीत होणारं भांडण त्याच संध्याकाळी मिटायची शक्यता तरी असते.

'आता उशीर झाला.' तुमच्या पेठेत एक तरी दुकान असं आहे का, जिथली वस्तू दुसरीकडे तशी मिळत नाही? एक तरी खोली अशी आहे का, जिथे अजून रात्री दिवा लागतो? असेल तर उशीर झालेला नाही.

म्हणून वाचून झाल्यावर एवढं करा. पुढच्या रविवारी आपल्या गल्लीतल्या दहा माणसांना घरी चहाला बोलवा. त्यात एक मालक, एक भाडेकरू, एक कारागीर, एक पदपथावरचा विक्रेता आणि निदान तीन बायका असतील असं बघा. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्यालाही बोलवा. गल्लीची वही उघडा आणि पहिल्या दारापासून लिहायला लागा. कोणती तीन कामं वर्षभरात करायची, ते त्याच दिवशी ठरवा. वर्गणीचा पहिला हप्ता त्याच दिवशी गोळा करा आणि त्याची पावती फाडा. महिन्याच्या आत वकिलाकडे ट्रस्टचा मसुदा पोचू द्या. या कामाला आपल्याशिवाय दुसरं कोणी येणार नाही, आणि आपण दहा जण पुरेसे आहोत.